जरा सरका

मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना आंबा घाटात माझी गाडी टुंग-टुंग करायला लागली. दारं नीट लागलेली, पेट्रोल भरपूर. मग उमगलं. शेजारच्या सीटवर मामीनं दिलेला फणस होता आणि त्यानं पट्टा लावला नव्हता! बऱ्यापैकी वजनाचं जे काही तिथं बसेल, ते गाडीच्या लेखी माणूस.

आजोबांच्या अँबॅसडरला ही मोजदाद ठाऊक नव्हती. पुढची सीट सोफ्यासारखी सलग, गियरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे मध्ये अडथळाच नाही. आजोबा, काका आणि दोघांमध्ये मी. मागं किती जण, ते उतरल्यावर मोजायचं. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की दार उघडून आजोबा एवढंच म्हणायचे, "सरका जरा." आणि माणसं सरकायची. वळणावर सगळी एकमेकांवर कलंडायची, तेव्हा हसू यायचं. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

पुढच्या दाराला एक छोटी त्रिकोणी काच होती. खिट्टी काढून ती फिरवली की वारा थेट तोंडावर. काका तिचा असा काही कोन साधायचे की झुळूक त्यांना आणि धूळ आम्हाला. एसीत ही कला नाही.

माझ्या गाडीची लांबी ३९९५ मिलिमीटर. हा आकडा इंजिनिअरपेक्षा अर्थखात्याचा म्हणायला हवा. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं, तेव्हापासून गाड्या चाराच्या अलीकडं श्वास रोखून उभ्या राहू लागल्या. अँबॅसडर तिच्यापेक्षा जेमतेम फूटभर लांब. रुंदीला तर माझीच गाडी जास्त भरते! मग ती सगळी माणसं बसायची कुठं? आता मधल्या जागेत गियर बसतो, हँडब्रेक बसतो, पाण्याची बाटली आणि फोन बसतो. तरीही, घाटात पोरांना न्यायचं तर मी हीच गाडी काढेन, एअरबॅगवाली.

शेवटी गाडी कडेला घेतली आणि फणसाला पट्टा बांधला. टुंग-टुंग थांबलं. मागं पाय लांब करून बसलेली आई म्हणाली, "त्याला कशाला बांधतोस? मागं दे की. मी सरकते."