नाईट ड्यूटीनंतर : आयसीयूमधलं न रडणारं मूल

बुधवार, सकाळ

नाईट संपवून घरी आले, पण झोप काही येत नाहीये. ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमधलं ‘पेशंट शांत आहे’ हे वाक्य डोक्यातून जात नाही. मुलांच्या आयसीयूमध्ये इतक्यावर माझं समाधान होत नाही. व्हेंटिलेटरवरचं मूल रडलं तरी आवाज येत नाही. श्वासाची नळी स्वरयंत्रातूनच खाली गेलेली असते. चेहरा रडतो, डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून उशीत जातं, आणि मॉनिटरची टिकटिक सोडली तर खोली तशीच गप्प. त्यात व्हेक्युरोनियम चालू असेल तर चेहराही हलत नाही. ते औषध फक्त स्नायू थांबवतं, दुखणं नाही. मिडॅझोलॅमने गुंगी येते, पण तेही वेदनाशामक नव्हे. हे आम्हाला सगळ्यांना पाठ असतं. तरी पहाटे चार वाजता बेड शांत दिसला की बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच वाकून बघायला हवं.

काल माझ्याकडे सव्वा वर्षाचा एक मुलगा होता. न्यूमोनियानंतर छातीत पू झालेला, बरगड्यांमधून नळी टाकलेली. तो आता व्हेंटिलेटरवरून उतरलाय. बोलता न येणाऱ्या मुलांचं दुखणं मोजायला आम्ही फ्लॅक स्केल वापरतो. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतो का, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहापैकी. १९९७ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तयार झालेलं हे स्केल. व्हेंटिलेटरवरच्या मुलाला मात्र कम्फर्ट-बी हे दुसरं स्केल बरं. त्यात रडण्याच्या जागी मशीनशी श्वास जुळतोय का ते बघतात, आणि नाडी-बीपी मोजणीत धरत नाहीत, कारण ते दुखण्याशिवाय तापाने आणि औषधांनीही बदलतात. त्यासाठी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं असतं. आमच्याकडे ही दोन मिनिटंच सगळ्यात महाग.

रात्री कूस बदलताना फ्लॅक सहा आला. त्याची आई म्हणाली, “सिस्टर, त्याचा पाय बघा. दुखलं की तो अंगठा असा आत मुडपतो, दात येतानाही असंच करायचा.” खरंच, डाव्या पायाचा अंगठा घट्ट आत वळलेला होता. कुठल्याही स्केलमध्ये अंगठा नाही, पण मी नोट्समध्ये लिहून ठेवलं. ऑर्डरप्रमाणे फेंटानिल हे अफूच्या गटातलं तीव्र वेदनाशामक दिलं, श्वासावर आणि सॅच्युरेशनवर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनवर, लक्ष ठेवलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं : दोन. अंगठा सुटला होता. हे दुसऱ्यांदा मोजणं फार राहून जातं, आणि त्याशिवाय पहिल्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

मग तिने हळूच विचारलं, “ताई, याची सवय तर नाही ना लागणार?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक आईचा असतो, आणि तो मी कधीच उडवून लावत नाही. पाच-सात दिवस शिरेतून सलग इन्फ्यूजन चाललं तर शरीर औषधाला सरावतं. एकदम बंद केलं की मूल थरथरतं, घामाघूम होतं, जांभया-शिंका येतात, जुलाब होतात. म्हणून डोस हळूहळू उतरवतात. हे व्यसन नव्हे. तिला एवढं सांगितल्यावर ती पाठ टेकून बसली.

१९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना पुरेसं दुखत नाही असं समजून, कितीतरी ठिकाणी नुसत्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर आणि नायट्रस ऑक्साइडवर त्यांची ऑपरेशनं व्हायची. इंदूरला शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर काम करून १९८७ साली दाखवलं, की फेंटानिल दिलेल्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण खूप कमी पडतो आणि नंतरचे त्रासही कमी होतात. म्हणजे मी जन्मले त्याच्या थोडंच आधीपर्यंत ही परिस्थिती होती. आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

उद्या त्याची छातीतली नळी काढायची आहे. रेसिडेंट डॉक्टरांशी बोलून ठेवलंय : पॅरासिटामॉल आधी वेळेवर जाईल, नळी ओढण्यापूर्वी फेंटानिलला काम करायला दोन-चार मिनिटं द्यायची, आणि आईला बाहेर पाठवायचं नाही. त्याच्या उशाशी ती बसेल. अंगठ्याकडे तिचंच लक्ष असणार.