अळीचा डोळा नेमका कुठे?

जूनचा शेवटचा आठवडा

मॅक्रो छायाचित्रणाचा, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून मोठ्या टिपण्याचा, अभ्यास किड्यांपासून नव्हे, तर पोलादी मोजपट्टीपासून सुरू करायचा, असा काकांचा दंडक आहे. काका म्हणजे आमच्या निसर्गमंडळातील सर्वांत ज्येष्ठ सभासद. त्यांची सारी नोकरी छापखान्यात ब्लॉकच्या कॅमेऱ्यावर गेली, त्यामुळे कोणतीही गोष्ट मोजून पाहिल्याशिवाय त्यांना खरी वाटत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी आज मोजपट्टी सपाट ठेवून तिचे छायाचित्र घेतले आणि चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर बसतात ते पाहिले. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटते तो भाग, साधारण २३.५ मिलिमीटर रुंद आहे. पट्टीवरचे तेवढेच मिलिमीटर चौकटीत बसले, तर वस्तू सेन्सरवर आपल्या खऱ्या आकारात उमटली असे समजायचे, आणि काटेकोरपणे बोलायचे तर या १:१ प्रमाणापासून पुढेच मॅक्रो सुरू होते. अनेक झूम भिंगांवर ‘मॅक्रो’ असे ठळकपणे छापलेले असते, पण त्यांचे प्रमाण बऱ्याचदा १:४ च्या आसपासच रेंगाळते.

माझे भिंगही मॅक्रोचे नाही. मामांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरचे ५० मिलिमीटरचे भिंग मी फोर्टमधल्या बोरा बाजारातून आणलेल्या रिव्हर्स रिंगच्या साहाय्याने उलटे बसवले आहे. या कामाला जुने भिंग अधिक सोयीचे पडते, कारण त्याच्यावर अ‍ॅपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र लहान-मोठे करण्याचे, कडे असते; भिंग उलटे झाले की कॅमेऱ्याशी असलेला त्याचा विजेचा संबंध तुटतो आणि सगळे हातानेच करावे लागते. फोकसही भिंग फिरवून साधत नाही. कॅमेरा डोळ्याला लावून आपण स्वतःच केसभर पुढे किंवा मागे व्हायचे आणि हवी ती जागा स्पष्ट झाली की त्याच क्षणी बटण दाबायचे, एवढाच मार्ग उरतो. भिंगाची जी बाजू एरवी कॅमेऱ्याच्या पोटात सुरक्षित असते तीच आता बाहेर उघडी राहते, आणि पावसाळ्यात मुंबईत ही गोष्ट लहान नाही. बुरशीच्या भीतीने मी भिंग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. त्या डब्यावर आईने ‘उघडू नये’ असे लिहून ठेवले आहे, कारण बाबांना त्यात शेव असल्याचा संशय होता.

संध्याकाळी काकांच्या दुसऱ्या पाठाप्रमाणे पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवली. कड्यावरच्या एफ/८ या आकड्यावर (आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) जेमतेम एक रेघ स्पष्ट आली. तिच्या मागची-पुढची प्रत्येक रेघ विरघळलेली. एफ/१६ वर दोन रेघा स्पष्ट झाल्या, मात्र त्यांची धार गेली. याचे कारण काकांनी कागदावर मांडून दाखवले. १:१ प्रमाणात भिंग सेन्सरपासून इतके दूर जाते, की कड्यावरचा एफ/८ हा आकडा प्रत्यक्षात एफ/१६ सारखा वागतो आणि एफ/१६ तर एफ/३२ सारखा. प्रकाश एक चतुर्थांश उरतो आणि इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन, म्हणजे तो कडांशी पसरून, सारे चित्रच मऊ पडते. याचा अर्थ असा, की छिद्र लहान करत गेल्याने स्पष्टतेची खोली फुकट मिळत नाही. हाताशी राहते ती पातळ पोह्याच्या जाडीइतकी स्पष्ट चकती, आणि बाकीचे सगळे धूसर.

“पाऊण मिलिमीटरही मिळत नाही तुला,” काका म्हणाले. “तो कुठे खर्च करायचा ते आधी ठरव, मग कॅमेरा उचल.”

आषाढी एकादशी

शेजारच्या मावशींच्या कढीपत्त्यावर अळ्या आहेत. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेले ते झाड आमच्या चाळीच्या गॅलरीच्या टोकाला असते आणि पावसात त्याला कोवळी पालवी फुटली की कॉमन मॉर्मन जातीची फुलपाखरे त्यावर अंडी घालून जातात. लिंबू, कढीपत्ता, बेल या एकाच कुळातील झाडांवर या अळ्या वाढतात. राज्य फुलपाखराचा मान २०१५ मध्ये मिळालेले नीलवंतही याच गोतावळ्यातले. पण लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर ते येईल अशी माझी अपेक्षा नाही.

मावशी अळ्या काडीने काढून खाली टाकतात, म्हणून आज त्यांच्याकडे रदबदली करावी लागली.

“मावशी, थोडे दिवस या डहाळीला हात लावू नका ना.”

“आज एकादशी आहे म्हणून वाचली हो तुझी अळी. उद्या फोडणीला पाने कुठून आणू?”

भाजीवाल्याकडून कढीपत्ता आणून देण्याच्या बोलीवर सौदा झाला.

इंटरनेटवरील शिकवण्यांचा एक ठरलेला सल्ला असा, की भल्या पहाटे जावे, कारण त्या वेळी कीटक थंडीने गारठून स्वस्थ बसलेले असतात आणि त्यांच्या अंगावर दव असते. हा सल्ला थंड प्रदेशातल्या माणसांनी दिलेला आहे. आमच्याकडे जुलैमध्ये पहाटे पाच वाजताही घामाने शर्ट अंगाला चिकटतो आणि मुंग्या रात्रभर कामावरच असतात. त्या सल्ल्याचे टोक गाठून काहीजण किड्याला काही वेळ फ्रिजमध्ये ठेवतात, तो थिजला की फुलावर मांडतात आणि वर पिचकारीने पाण्याचे थेंब शिंपडतात. अशी छायाचित्रे आता मला चटकन ओळखू येतात, कारण त्यांतील प्राण्याचे पाय कशालाही धरत नसतात, ते नुसते टेकवलेले असतात. ही पद्धत मला पसंत नाही. त्यात क्रौर्य तर आहेच. शिवाय थिजलेला किडा आपल्याला काहीच सांगत नाही.

आमच्या गॅलरीतली खरी अडचण थंडीची नसून वाऱ्याची आहे. समोरच्या दोन टॉवरांमधून येणारा झोत डहाळीला सतत हलवत ठेवतो. त्यावर उपाय म्हणून डहाळी कपड्यांच्या चिमट्याने कठड्याच्या गजाला धरून ठेवली, वाऱ्याच्या बाजूला जुना पुठ्ठा उभा केला, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ पकडून त्याच हातावर भिंगाची कड टेकवली. असे केले की डहाळी हलली तर तिच्याबरोबर कॅमेराही हलतो आणि दोहोंतील अंतर तेवढेच राहते. ही युक्ती मला तिपाईपेक्षा कितीतरी उपयोगी वाटली. तिपाई आमच्या गॅलरीत उघडली तर समोरच्या बिऱ्हाडाला पाणी भरायला जाता येणार नाही.

उरला प्रकाश. ढगाळ आकाशाचा प्रकाश मऊ असतो, पण या प्रमाणात तो अजिबात पुरत नाही. फ्लॅश लावावा तर अळीची ओलसर कातडी जागोजागी पांढरीफटक चमकते. म्हणून पुठ्ठ्याचे नसराळे करून त्याच्या तोंडाला बटर पेपरचे दोन थर चिकटवले आणि ते भिंगाच्या टोकापर्यंत पुढे आणले. प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितक्या सावल्या सौम्य, हा नियम भिंगाच्या किमतीपेक्षा जास्त मोलाचा आहे असे माझे मत होत चालले आहे. कमी शक्तीवर सोडलेला फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो, त्यामुळे हाताचा कंपही त्यात गोठतो.

तीच अळी, त्याच आठवड्यात

छायाचित्रणाच्या प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक वर्गात सांगितलेला नियम असा, की प्राण्याचे छायाचित्र घेताना डोळा स्पष्ट हवा. बाकी काही धूसर असले तरी चालते. आज या नियमाने मला चांगलेच कोड्यात टाकले.

लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसणारी ही अळी शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. तिच्या अंगाचा पुढचा भाग फुगीर असतो आणि त्यावर दोन्ही बाजूंना एकेक ठसठशीत डोळा असतो. वरून पाहिले तर तो चेहरा एखाद्या छोट्या सापाचा वाटावा. काकांचा पाऊण मिलिमीटर मी बिनदिक्कत त्या डोळ्यावर खर्च केला असता. पण वर्गात अळ्यांची शरीररचना नुकतीच झाली होती, त्यामुळे हे डोळे नव्हेत, हे माहीत होते. ते नुसते ठिपके आहेत. ज्याला आपण कपाळ समजतो ती छाती आहे, आणि खरे डोके तिच्या पुढे, खालच्या अंगाला दुमडलेले असते.

ते डोके पाहण्यासाठी कॅमेरा पानाच्या पातळीखाली न्यावा लागला. गॅलरीच्या फरशीवर पालथी पडून, मान वर करून, अळी पान खात असताना मी तिला समोरून पाहिले. पानाची कड तिने पायांच्या तीन जोड्यांत उभी धरली होती. जबडे आपल्यासारखे वर-खाली न होता दोन्ही बाजूंनी आत येत होते. प्रत्येक चाव्याबरोबर पानात एक लहानशी कमान पडायची, डोके वरून खाली सरकत जायचे आणि मग पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी सुरू व्हायची. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जबड्यांच्या अगदी जवळ, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक असे काळे मणी होते. अळीला प्रत्येक बाजूला असे सहा साधे डोळे असतात, आणि तिचे पाहणे काय ते यांच्यातूनच चालते. एका चित्रात मला त्यांतले चार मोजता आले. वरचे ते ठसठशीत ‘डोळे’ त्या चित्रात दोन काळसर डागांपुरते उरले आहेत.

दुपारी मावशींची वाळत घातलेली साडी वाऱ्याने डहाळीला घासली आणि अळीने मान मागे टाकून डोक्यामागून लालसर, दुतोंडी शिंगासारखा अवयव बाहेर काढला. ही तिची वासाची ग्रंथी. शरीरातील द्रवाच्या दाबाने ती बाहेर येते आणि काही क्षणांत परत आत जाते. वास इतका उग्र होता, की मावशींनी घरात जाऊन खिडकी लावून घेतली. त्याचे छायाचित्र मिळाले नाही. त्यासाठी अळीला पुन्हा डिवचणे मला प्रशस्त वाटले नाही.

श्रावणातला रविवार

मंडळाबरोबर आरेच्या जंगलात गेलो. लोअर परळहून गोरेगाव, तिथून बस, आणि मग चिखल. त्या फेरीत अनेक गोष्टी पाहिल्या, पण लिहून ठेवावी अशी एकच.

आंब्याच्या एका झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, म्हणजे आमच्या कोकणातल्या हुमल्यांची, रांग चालली होती. त्या रांगेपासून वीतभर बाजूला एक मुंगी एकटीच पानावर थांबत-थांबत चालत होती. रंग तोच, कमरेची खाच तशीच, पुढच्या दोन मिशाही तशाच हलत होत्या. भिंगातून पाहिले तेव्हा त्या मिशा म्हणजे पायच निघाले, आणि पाय मोजले तर आठ भरले. तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी होता. पुढचे पाय मिशांसारखे उचलून धरतो आणि उरलेल्या सहांवर चालतो. या मुंग्यांचा चावा आणि त्यांचे आम्ल यांच्या धास्तीने पुष्कळ शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि त्या धाकाचा फायदा या कोळ्याला मिळतो.

येथे डोळ्यांचा नियम तंतोतंत लागू पडला. हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर समोर दोन मोठे डोळे होते, जसे या मुंग्यांना नसतात. अंग चौकटीत आडवे ठेवले असते तर पाठ, कंबर आणि पोट एका पातळीत येऊन सारे स्पष्ट झाले असते, आणि पाहणाऱ्याने मुंगी म्हणून पान उलटले असते. मी समोरचा चेहरा घेतला. कंबर, पोट आणि मागचे पाय त्यात नाहीसे झाले. पानाच्या कडेवर येऊन कोळी धाग्याला लोंबकळत खाली उतरला, आणि निदान धाग्यापुरती तरी माझ्या मंडळींची खात्री पटली.

भाद्रपद, गणपतीच्या आदल्या दिवसांत

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. त्यानिमित्त मंडळ प्रदर्शन भरवते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक चित्र लावण्याची मुभा असते. माझी दोन चित्रे निवडीत उरली होती: एक वरून घेतलेले, खोटे डोळे स्पष्ट असलेले, दुसरे खालून घेतलेले, जबडे आणि ते काळे मणी स्पष्ट असलेले.

काकांचे मत पहिल्याच्या बाजूने पडले. लोक सापासारख्या चेहऱ्यापुढे थांबतील, दुसऱ्या चित्रापुढे कोणी थांबणार नाही, आणि भिंतीवर लावलेल्या चित्रापुढे कोणी थांबत नसेल तर त्याचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. अळीनेही ते डोळे थांबवण्यासाठीच बाळगले आहेत, त्यामुळे ते चित्र खोटे आहे असे मला म्हणता येणार नाही. तरीही त्या चित्रात मी पक्ष्याच्या जागी उभी आहे. अळी मला जे दाखवू पाहते तेवढेच मी पाहिले आहे. दुसरे चित्र फरशीवर पालथे पडल्याशिवाय मिळाले नसते, आणि कुठे पाहायचे हे आधी ठाऊक नसते तर पालथी पडूनही मिळाले नसते.

मी दुसरे दिले. काकांनी मान हलवली आणि फॉर्मवर सही केली. चित्राखाली लिहायच्या मजकुराला तीस शब्दांची मर्यादा आहे आणि त्यात सहा साधे डोळे, दुमडलेले डोके आणि कढीपत्ता एवढे सगळे बसवायचे आहे. आतापर्यंतचा मसुदा बेचाळीस शब्दांचा झाला आहे. मावशींचे नाव आभारात घालावे अशी माझी इच्छा आहे, पण ते घातले तर कढीपत्त्याला जागा उरत नाही.