तुम्ही विचारलेत म्हणून: कोणत्या तोंडाने परत यावे?

हा प्रश्न दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत येतो, पण त्याचा गाभा एकच असतो. "इतकी वर्षे विश्वासात आहे, प्रार्थना करतो, पवित्र शास्त्र वाचतो, आणि तरीही कसोटीच्या वेळी पडलो, आता कोणत्या तोंडाने देवासमोर जाऊ?" मी मंडळीत शास्त्राभ्यास घेते, त्यामुळे सभा संपल्यावर, खुर्च्या आवरल्या जात असताना, दुसरे कोणी ऐकत नाही याची खात्री करून घेऊन तो मला विचारला जातो. विचारणाऱ्याला क्षमेविषयीची वचने बहुधा पाठ असतात. ती इतरांना लागू पडतात, आपल्याला मात्र नाहीत, असे त्याच्या मनाने घेतलेले असते आणि तिथे सगळे अडलेले असते. तुम्ही विचारलेत म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

या प्रश्नात दोन दुःखे एकमेकांत गुंतलेली असतात. एक असते चालू असलेले संकट: लांबलेला आजार, गेलेली नोकरी, घरातली धुसफूस, वर्षानुवर्षे अनुत्तरित राहिलेली प्रार्थना. दुसरे असते त्या संकटात घडलेले पतन: एखादे खोटे, सुटलेले आणि पुन्हा जडलेले व्यसन, नको ते नाते, किंवा नुसतेच प्रार्थनेतून हळूहळू उठून जाणे. विश्वासी माणसाच्या बाबतीत पतनाची सुरुवात उघड बंडखोरीपेक्षा थकव्यातून होताना मी अधिक वेळा पाहिली आहे. एलीयाचेच पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीसरशी जीव घेऊन पळाला आणि रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. त्या वेळी देवाने त्याला बोल लावला नाही. तो झोपला, दूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, त्याला पुन्हा उठवून खाऊ घातले, आणि "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्याला चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगरावर पोहोचल्यावर विचारला गेला. म्हणून अतिशय खचलेल्या माणसाला मी आधी झोप आणि जेवणखाण यांविषयी विचारते, आणि गरज दिसली तर डॉक्टरांकडे जायला सांगते. हे कमी विश्वासाचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सावकाश वाचावा.

आता येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे येऊ, कारण कोणत्या तोंडाने परत यावे हा प्रश्न ज्याला सर्वांत अधिक पडायला हवा होता, तो हाच माणूस. येशूला अटक झाल्यावर, मी त्याला ओळखत नाही असे त्याने तीनदा म्हटल्याची गोष्ट आपण इतकी ऐकलेली आहे की तिच्यातले बारकावे दिसेनासे होतात. तो महायाजकाच्या अंगणात होता, कारण तो प्रभूच्या मागे तिथवर गेला होता. बाकीचे बहुतेक जण त्याआधीच पळाले होते. रात्र थंडीची होती, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि तोही त्यांच्यात उभा राहून शेकत होता. पहिला प्रश्न विचारणारी एक साधी दासी होती. योहानाच्या वृत्तांतात शेवटचा प्रश्न विचारणारा मात्र, पेत्राने अटकेच्या वेळी बागेत ज्याचा कान कापला होता, त्या मल्ख नावाच्या दासाचा नातलग होता. भीतीला तिथे खरोखरच कारण होते. ज्याला परत यायचे आहे त्याने आपल्या पतनाकडे असेच नीट पाहावे: कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कशाच्या भीतीने. "मी मुळातच वाईट आहे" या ढोबळ वाक्याआड खरी कबुली लपून राहते, आणि ती नेमकी पुढे येणे अगत्याचे असते.

आणि हे सगळे घडण्याआधीच, त्याच रात्री भोजनाच्या मेजाशी, येशूने पेत्राला सांगितले होते की सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. लूकच्या बाविसाव्या अध्यायातील ही दोन वचने मी या प्रश्नाचे खरे उत्तर समजते. पतन अजून व्हायचे होते, तेव्हाच प्रार्थना होऊन गेली होती. परत येणे गृहीत धरलेले होते, आणि परतल्यानंतरचे कामही नेमून दिलेले होते. पेत्र परतला तो त्या रात्री केलेल्या रडण्याच्या बळावर नव्हे.

पश्चात्तापाचे दुःख येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यालाही झाले होते, हे आपण सहसा विसरतो. त्याबद्दल मिळालेले तीस रुपये त्याने परत नेले आणि आपण निर्दोष रक्त धरून दिल्याची कबुलीही दिली. पण ही कबुली तो याजकांकडे घेऊन गेला, आणि त्यांनी "आम्हाला त्याचे काय? तुझे तू पाहा" म्हणून त्याला वाटेला लावले. तेथून तो एकटा निघून गेला. पेत्राचे तसे झाले नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीया धावत आली तेव्हा तो आणि दुसरा शिष्य तिला सापडले, आणि पुढेही तो बाकीच्यांतच दिसतो. ज्यांच्यापुढे त्याने "सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही" अशी प्रौढी मिरवली होती त्यांच्यातच जाऊन बसणे त्याला किती जड गेले असेल, याचा विचार करावा. परतण्याची पहिली पायरी मला तीच वाटते.

मंडळीच्या इतिहासात हाच प्रश्न एकदा हजारो लोकांच्या बाबतीत उभा राहिला होता. इसवी सन २४९ मध्ये डेसियस रोमचा सम्राट झाला आणि साम्राज्यातील लोकांनी देवतांना बली अर्पण करावा असा हुकूम त्याने काढला. तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांसमोर मिळत असे. २५० सालचे पपायरसवर लिहिलेले असे काही दाखले इजिप्तमध्ये सापडले असून, आम्ही पेय ओतले, बली दिला आणि अर्पण केलेले चाखले, असा मजकूर त्यांत आहे. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बली दिला, आणि काहींनी बली न देताच पैसे मोजून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी परत आले. रोममधील नोवेशियनने अशांना पुन्हा आत घेण्यास ठाम नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दुसरी वाट धरली. कोणीही यावे आणि दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, बसावे, अशी घाई त्याला मान्य नव्हती, पण दार बंद करणेही त्याला पटले नाही. २५१ सालच्या कार्थेजच्या परिषदेने प्रकरणे वेगवेगळी तपासून पाहिली आणि प्रत्यक्ष बली देणाऱ्यांना पश्चात्तापाचा दीर्घ काळ नेमून दिला.

पुढे एक-दोन वर्षांतच नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, आणि तेव्हा पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सर्वांना परत घेण्याचे सिप्रियन आणि त्याच्या सहकारी बिशपांनी ठरवले. त्यांनी दिलेले कारण असे होते की पुढची लढाई समोर असताना या लोकांना ख्रिस्ताच्या शरीराचे आणि रक्ताचे बळ नाकारून रणांगणात निःशस्त्र कसे पाठवावे? स्वतः सिप्रियनचा २५८ साली शिरच्छेद झाला. हे उदार मत त्याने सुरक्षित जागी बसून मांडलेले नव्हते.

हे इतके लांबवण्याचे कारण असे की आजही कितीतरी माणसे नेमका उलटा हिशेब करतात. पहिले गीत संपल्यावर येऊन ती शेवटच्या बाकावर बसतात, भाकरीचे ताट जवळ आले की दोन्ही हातांनी अदबीने पुढच्याकडे सरकवतात, आणि आशीर्वाद होण्याआधीच उठून जातात. स्वतःची परीक्षा करावी हे प्रेषित पौलाचे सांगणे खरेच आहे. परंतु करिंथकरांना लिहिलेल्या त्या वाक्यात परीक्षा करून मग खावे असे म्हटले आहे, हे लक्षात ठेवायला हवे. पाप न सोडता खाणे आणि पाप सोडूनही वर्षभर उपाशी राहणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच चुकीच्या वाटतात. पाळकांशी बोलून घ्यावे; पण "आधी सुधारतो, मग येतो" या वायद्याला काही अंत नसतो.

क्षमा मिळाली म्हणजे परिणाम टळले असे मात्र नाही, आणि हे सांगायला मी कचरत नाही. दावीद राजाने आपल्या पापाविषयी गप्प राहून पाहिले, तेव्हा त्याची हाडे झिजली, असे बत्तिसावे स्तोत्र सांगते. नाथान या संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर त्याने कबुली दिली आणि त्याच क्षणी त्याला क्षमेचे वचन मिळाले, तरी पुढे त्याच्या घराची जी वाताहत झाली ती टळली नाही. जक्कय या जकातदाराने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. कोणाचे पैसे बुडवले असतील तर ते फेडावे, कोणाविषयी खोटे बोललो असू तर ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्यापुढेच ते मागे घ्यावे. आणि ज्याने मंडळीतील अधिकाराचा वापर करून दुसऱ्याला दुखावले आहे, त्याला देवाची क्षमा मिळाली म्हणून त्याचे पद लगेच परत द्यावे, हा आग्रह मला अजिबात मान्य नाही. ज्याला इजा झाली त्याच्यावर "आता क्षमा करून टाका" म्हणून दडपण आणणे तर त्याहून वाईट.

परतलेल्या माणसाचे संकट संपते का, असेही विचारतात. बहुतेकदा नाही. पुनरुत्थानानंतर गालील समुद्राच्या काठी येशूनेही कोळशाचा विस्तव पेटवला, आधी पेत्राला न्याहारीला बोलावले आणि मग तीनदा विचारले, त्यातला पहिला प्रश्न "यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय?" असा होता. पूर्वी स्वतःला इतरांशी ताडून पाहणाऱ्या पेत्राने या वेळी उत्तरात कोणाशीही तुलना केली नाही, एवढा फरक पडला होता. मग मेंढरांची, म्हणजे विश्वासी लोकांची, जबाबदारी मिळाली, आणि तिच्या पाठोपाठ, म्हातारपणी तुला नको तिथे नेले जाईल, ही सूचनाही मिळाली. पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा मागणे केले आणि तो निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच त्याला सांगण्यात आले. दुःखात असलेल्याला हे वचन आपण फार घाईने ऐकवतो. पौलाला ते तिसऱ्यांदा मागून झाल्यावर मिळाले होते, हे ध्यानात ठेवून आधी त्याचे रडणे ऐकून घ्यावे.

शेवटी एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या झाले तर? पेत्राचेही झाले. पुढे अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासी लोकांबरोबर जेवत होता, पण यरुशलेमेहून काही यहुदी विश्वासी येताच त्यांच्या भीतीने मागे सरला. अंगणातली भीतीही लोकांचीच होती. या वेळी पौलाने सर्वांदेखत त्याला तोंडावर सुनावले, आणि तरीही पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख "प्रिय बंधू" असाच येतो. म्हणून मी विचारणाऱ्यालाच उलट विचारते की तुम्हाला तोंडावर सांगेल आणि तरीही तुमच्याबरोबर जेवायला बसेल, असा कोण तुमच्या ओळखीत आहे? थोडे थांबले की बहुतेकांना एक नाव आठवते. त्या व्यक्तीला आजच, घरी पोहोचण्याआधी, फोन करा, असे मी सांगते.