जावा ही संसारी माणसाची भाषा आहे

जावा ही कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहायची भाषा, तिला लोक लई नावं ठेवतात. दोन ओळींच्या कामाला वीस ओळी, क्लासचं (कोडच्या एका तुकड्याचं) नाव वाचून होईस्तोवर चहा गार. पुण्यात होतो तेव्हा मीही यावर हसायचो. पण सांगलीत येऊन घरून काम करायला लागल्यापासून माझं मत पक्कं झालंय, की ज्याच्या घरात आई आहे, नोकरी करणारी बायको आहे, शाळेतली पोरगी आहे आणि दारावर सारखी बेल वाजते त्यानं जावाच लिहावी.

विश्रामबागला आमचं घर, वरच्या खोलीत माझं टेबल. दाराला कडी आहे, ती कुणाला लागू नाही. आई वर येते, "काय करालायस?" विचारते, स्क्रीनकडं एकदा बघते आणि "काय विशेष नाही न्हवं, मग तेवढं गॅसचं बुकिंग कर" म्हणून खाली जाते. आता तिला काय सांगणार. तर मी कामाच्या दोनच जाती करून टाकल्यात, मधेच सोडून उठता येतं ते काम आणि उठता येत नाही ते.

पहिल्या जातीचं उत्तम उदाहरण म्हणजे आमचा स्प्रिंग बूट (जावा अप्लिकेशनचा तयार सांगाडा) २ वरून ३ चा अपग्रेड. स्प्रिंग बूट ३ आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्याला कमीत कमी जावा १७ लागतं, आणि वर सगळ्या प्रोजेक्टभर पॅकेजांच्या (तयार कोडच्या गठ्ठ्यांच्या) नावातल्या जावाएक्सचं जकार्ता करायचं. ही भानगड आपली नाही, जावाची मालक कंपनी ओरॅकलनं जावा ईई (जावाचा मोठ्या अप्लिकेशनसाठीचा भाग) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेला देऊन टाकलं पण नाव काही सोडलं नाही, म्हणून जगभरच्या डेव्हलपरांनी बसून इम्पोर्ट (कुठलं पॅकेज वापरतोय हे सांगणाऱ्या ओळी) बदलायचे. बरं, डोळे झाकून फाइंड-रिप्लेस मारलं तर तेही चालत नाही, कारण जावाएक्स डॉट एसक्यूएल आणि क्रिप्टो ही पॅकेजेस जेडीकेचीच, म्हणजे जावाच्या मूळ संचातलीच, ती तशीच राहतात. कंटाळवाणं काम, टीममधे कुणालाच नको होतं, मी मागून घेतलं. कारण त्यात डोकं अडकत नाही. लाल एररची यादी समोर असते, एक निस्तरली की पुढची. मधेच पोरीला क्लासला सोडून आलं तरी यादी आहे तिथंच. आई स्वेटर विणताना सुया खाली ठेवून फोडणी देऊन येते आणि टाके जागेवर असतात, अगदी तसं. कुठवर आलो होतो हे लक्षात ठेवायची जबाबदारी कोड तपासणाऱ्या कंपायलरची, माझी नाही.

यावरून एक सवय लागली. उठायच्या आधी कोडमधे जिथं आहे तिथंच, कॉमेंट (कंपायलर सोडून देतो ती टीप) वगैरे न करता, सरळ मराठीत लिहून ठेवतो: "इथवर झालं, आता सिक्युरिटी कॉन्फिगचं बघ". कंपाइल होतच नाही, त्यामुळं अर्धवट कोड चुकून चालू अप्लिकेशनमधे जातही नाही आणि परत आलो की बिल्ड (कोडचं अप्लिकेशन बनवणं) तिथंच येऊन बोंबलतो. स्टिकी नोट हरवते, ही हरवत नाही.

दुसऱ्या जातीचं काम म्हणजे कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी बोलायला उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, संपणे. हिकारीत (हा साठा सांभाळणारी लायब्ररी) सांगितलं नाही तर दहाच कनेक्शन असतात, कुठला तरी कोड एखादं घेऊन परत करत नाही, लोड आला की अप्लिकेशन नुसतं ताटकळत बसतं आणि माझ्या लॅपटॉपवर सगळं गुणी बाळासारखं चालतं. असल्या ठिकाणी थ्रेड डंप (अप्लिकेशनमधली एकेक कामं त्या क्षणी कुठं आहेत त्याची यादी) उघडून कोण कुणासाठी थांबलंय हे डोक्यात मांडावं लागतं आणि त्यात "अहो, जरा भाजी आणता का" आलं की पत्त्यांचा बंगला खाली. हे पहाटेच. पाच ते सात. त्या वेळात बायको कुणाला वर येऊ देत नाही. ती बँकेत आहे, मार्चएंडला हिशेब उलटा होतो, तेव्हा डबे, अभ्यास, पोरीची वेणी सगळं माझ्याकडं. वेणी अजून वाकडीच येते, पण शाळेनं तक्रार केलेली नाही.

काही कामं जात विचारत नाहीत. डिसेंबर २०२१ चं लॉग४जे आठवत असेल, जावा अप्लिकेशनच्या नोंदी म्हणजे लॉग लिहिणारी लायब्ररी, तिच्यात भोक सापडलं. लॉगमधे एक विशिष्ट स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आली की सर्व्हर बाहेरून कोड ओढून चालवणार, इतकं भयंकर. शुक्रवारी बातमी, आणि माझ्या मामेभावाची हळद मिरजेत. व्हर्जन २.१५ लावलं तोवर २.१६ आलं, ते लावलं तोवर २.१७. मांडवाच्या मागं खुर्चीवर लॅपटॉप मांडीत घेऊन बसलोय आणि वाढपी येऊन विचारतोय, "साहेब, जेवान इथंच आणू काय?" जेवलो, बरं का. बासुंदी होती.

आणि ऑगस्टमधे मी मोठं रिलीज अंगावर घेतच नाही. इथल्या माणसाला सांगायला नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्याही वर गेलेलं. गावभागातली मावशी सामानासकट आमच्याकडं येते तेव्हा वरची खोली ऑफिस राहत नाही. पुण्याच्या मॅनेजरला हे एकदा नीट सांगितलं, त्यानं कॅलेंडरवर टाकून ठेवलंय. भला माणूस.

आता घरचा क्लायंट. सासऱ्यांची (आम्ही मामा म्हणतो) तासगावकडं बेदाणा शेड आहे. कुणाचे द्राक्षांचे किती क्रेट आले, डिपिंग करून (द्रावणात बुडवून) कुठल्या रॅकवर टाकले, पंधरा-वीस दिवसांनी बेदाणा किती भरला, हे सगळं वहीत. मी त्यांना एक छोटं स्प्रिंग बूटचं अप्लिकेशन करून दिलं. पैशाला पहिल्यापासून बिगडेसिमल (जावातला अचूक दशांश आकडा) वापरला, डबल या साध्या प्रकारात ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३ ला मागं शेपूट लागतं आणि मामा पैशापर्यंत हिशेब तोंडी करणारे. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, त्यामुळं एंट्री फारच वेगळी आली की ओळ लाल होते, हे त्यांना आवडलं. बाकी त्यांचं म्हणणं, "जावईबापू, बटणं जरा मोठी करा की, हात डिपिंगच्या पाण्यात असत्यात. आणि वही बरी हुती, वहीला चार्जिंग लागत न्हाई."

बटणं मोठी केलीत. जानेवारीत माल यायला लागायच्या आत ते जावा २१ वर न्यायचंय. त्यातल्या व्हर्च्युअल थ्रेडची (हजारो कामं एकदम हलकेच चालवायची सोय) तिथं काडीची गरज नाही, युजर दोनच, मामा आणि त्यांचे दिवाणजी, पण हौस आहे आणि हेही काम मधेच सोडून उठण्यासारखंच आहे. दिवाणजी अजून वहीतच लिहितात आणि संध्याकाळी एकदम सगळं अप्लिकेशनमधे उतरवतात, त्याला एक्सेलवरून अपलोड द्यावं का, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.