करायला दिले

नागपूर खंडपीठातल्या अपिलांसाठी मी मराठी कागद इंग्रजीत करून देते. अनुच्छेद 348 मुळे हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि खालच्या कोर्टातली साक्ष असते मराठीत. सातबारा, फेरफार, पंचनामा हे आता हात आपोआप टाइप करतो. ‘ताबा’ आला की तेवढं थांबावं लागतं. जमिनीचा ताबा म्हणजे पझेशन, आरोपीचा ताबा म्हणजे कस्टडी. नवे टाइपिस्ट इथेच घोळ करतात, आणि तो घोळ वकिलांच्या नजरेतून सुटतो तेव्हा मला खरंच राग येतो.

त्या दिवशीचं वाक्य साधं होतं. काटोलकडच्या एका म्हाताऱ्या विधवेची उलटतपासणी: ‘हे म्हणणे खरे आहे की, मी त्याला वावर करायला दिले होते.’ पुढे, पीक निघालं की तो थोडी तूर आणि थोडे पैसे आणून द्यायचा. आता तो म्हणतो, मी कूळ आहे.

मी सवयीने ‘लेट’ लिहिलं आणि थांबले. ‘लेट’ म्हणजे भाडेपट्ट्याने देणं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 105 प्रमाणे त्यात मिळकत उपभोगण्याचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. शेतजमिनीसाठी तर विदर्भात 1958 चा वेगळा कूळ कायदा आहे, म्हणजे या शब्दाने बाईंनी त्याचं कूळ असणं जवळपास कबूल केल्यासारखं झालं असतं. मग ‘परमिटेड’? ती नुसती परवानगी. 1882 च्याच सुखाधिकार कायद्यात, कलम 52 मध्ये, ज्याला लायसन्स म्हटलंय ते. त्याने जमिनीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. दोन शब्दांत एका वावराचं अंतर. नुसतं ‘गेव्ह’ लिहावं तर ती देणगी वाटते.

बाई यातलं काहीच बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे शेत ‘करायला’ देतात. ठेक्याने, मक्त्याने, बटईने, किंवा नुसतं ओळखीवर. कशाने दिलं ते कुणी विचारलं, तरच सांगतात. उलटतपासणीत ते कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री नऊला बाईंच्याच वकिलांच्या ज्युनियरचा फोन आला. ‘मॅडम, परमिटेड टाका ना. अर्थ तोच आहे.’ अर्थ तोच असता तर त्याने फोन केलाच नसता. मी नाही म्हटलं आणि ‘गेव्ह हिम द फील्ड टु कल्टिव्हेट’ असं लिहिलं. मराठीत जेवढं उघडं होतं तेवढंच इंग्रजीत उघडं ठेवलं. माझ्या शब्दाने त्या जिंकायला नकोत आणि हरायलाही नकोत. तरी झोप लागली नाही. फी त्यांच्याकडून घेते आणि त्यांना हवा तो शब्द देत नाही, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी प्रती द्यायला सिव्हिल लाइन्सला गेले. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी. ज्युनियरने ओळख करून दिली. त्यांनी माझा हात धरला.

‘माय, म्या जे म्हनलं तेच लिवलं ना वो इंग्रजीत?’

‘हो आजी, तेवढंच लिहिलं.’

त्या जरा थांबल्या. मग आपणहून म्हणाल्या, ‘आमचे मालक गेले ना, तवा म्याच त्याले म्हनलं, वावर पडीत नको ठिऊ बापा, तूच कर.’

हे साक्षीत कुठेच नाही. मी सगळी पानं पुन्हा चाळली. कुणी विचारलं असतं तर नोंदलं गेलं असतं, आणि मग मला त्यासाठी शब्द शोधावा लागला असता. ‘तूच कर’ला इंग्रजीत काय लिहिलं असतं, ते अजून ठरत नाही. अपील प्रलंबित आहे.