कार्ड कशात टाकायचं आहे?

आईच्या फोनमधलं मेमरी कार्ड ५१२ जीबीचं होतं. म्हणजे त्याच्यावर तसं छापलं होतं आणि फोनही तेच सांगत होता. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फुटपाथवरून मी ते साडेतीनशे रुपयांत आणलं होतं, वर पन्नास रुपये कमी करून घेतले म्हणून खूशही होतो. सहाएक महिन्यांनी आई म्हणाली, "अरे, बारशाचे फोटो उघडूनच नाही राहिले." पाहिलं तर फोटोंची नावं होती, तारखा होत्या, साइझही दिसत होती. बोट लावलं की नुसती करडी चौकट. त्याआधीचे फोटो मात्र ठणठणीत.

पुसलेले फोटो परत काढायचं फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. बारशाचा एक फोटो निघाला नाही. मग आतलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि कार्डाची खरी जागा तपासणारं एच२टेस्टडब्ल्यू लावलं. फुकट मिळतं, काम साधं आहे. १-१ जीबीच्या फायलींनी कार्ड काठोकाठ भरायचं आणि सगळं परत वाचून ताडून पाहायचं. रात्री नऊला लावलेलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं, आणि लाल अक्षरांत निकाल आला: जवळपास २९ जीबी ठीक, बाकी डेटा गेला. आत ३२ जीबीचीच चिप होती. कार्डात कारभार पाहणारा जो कंट्रोलर असतो त्याला 'कोणी विचारलं तर ५१२ सांगायचं' असं पढवून ठेवलेलं. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. जे लिहिलंच गेलं नाही ते फोटोरेक कुठून आणणार? बारशाचे फोटो शेवटी वहिनीच्या व्हॉट्सॲपवरून मिळवले, धुरकट का होईनात.

त्याच महिन्यात माझ्या कॅमेऱ्याचंही भोवलं. पहाटे उठून उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात गेलो होतो. वाघीण रस्त्यावर आली, थांबली, आमच्याकडे पाहिलं. मी बोट दाबून धरलं. सेकंदाला पाच या हिशेबाने दहा फोटो निघाले आणि शटर गप्प. कॅमेऱ्याच्या मागचा लाल दिवा लुकलुकतो आहे, गाइड कानाशी "काढा ना साहेब, काढा" म्हणतो आहे, आणि मी नुसता पाहतो आहे. दिवा विझेपर्यंत वाघीण बांबूत शिरली होती.

घरी येऊन कार्ड काढलं. जुन्या मोबाइलचं १६ जीबीचं मायक्रो कार्ड, अडॅप्टरमध्ये घातलेलं, त्याच्यावर गोलात ४ चा आकडा. म्हणजे सेकंदाला ४ एमबी लिहिण्याची हमी. प्रत्यक्षात ते १२ पर्यंत जायचं. कॅमेरा फोटो आधी स्वतःच्या छोट्या मेमरीत धरतो, मग कार्डावर उतरवतो; ती मेमरी दहांत भरली. माझा एक रॉ, म्हणजे न आवळलेला मूळ फोटो साधारण २८ एमबीचा, दहा फोटोंचे झाले २८०. बारानं भागा, तेवीस सेकंद. वाघीण कशाला थांबते तेवीस सेकंद!

या वेळी फुटपाथ नको म्हणून बर्डीवरच, मोदी नंबर तीन या गल्लीतल्या एका पक्क्या दुकानात गेलो. "मोठ्यात मोठं, फास्टात फास्ट द्या," म्हटलं. काउंटरवरचे काका माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "कशात टाकायचं आहे ते सांगा ना आधी." मी पाकिटावरचा १७० चा आकडा दाखवला. ते म्हणाले, "हा वाचायचा स्पीड आहे भाऊ. तुमचा कॅमेरा काय वाचून राहिला का?" मग नखानं बारीक खुणा दाखवल्या. सी१० किंवा यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३०, व्ही६० आणि व्ही९० त्याच हिशेबाने. हे आकडे हमीचे, बाकी मोठ्या अक्षरातले जाहिरातीचे. मागे पिनांची दुसरी रांग असलेली, जास्त वेगाची यूएचएस-२ कार्डंही दाखवली आणि लगेच परत ठेवली, कारण माझा कॅमेरा यूएचएस-१चा. त्यात ती दुसरी रांग रिकामीच बसणार. मी व्ही३०चं, पूर्ण आकाराचं १२८ जीबी एसडी घेतलं. अडॅप्टर आता कॅमेऱ्यात घालत नाही. तो एक जास्तीचा जोड, आणि सफारीत जिप्सी कशी हादरते ते माहीत आहेच.

माझ्या शेजारी लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा उभा होता. त्याला व्ही९०च हवं होतं, कारण कॅमेऱ्याच्या पुस्तकात ४के व्हिडिओसमोर १०० लिहिलंय. काकांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. ते १०० मेगाबिट, कार्डावरचे आकडे मेगाबाइट. एका बाइटात आठ बिट, म्हणून आठनं भागायचं, साडेबारा. त्याचंही व्ही३०वर भागलं. दुकानदार महागाचं कार्ड परत कपाटात ठेवतो, हे मी बर्डीवर पहिल्यांदा पाहिलं.

आईसाठी ६४ जीबीचं ए१ घेतलं. ए१ म्हणजे सेकंदाला १५०० वेळा इथलं-तिथलं बारीकसारीक वाचण्याची आणि ५०० वेळा लिहिण्याची हमी. ॲप कार्डावर ठेवणाऱ्यांना ते लागतं. आईचे फोटो आणि भजनं त्याशिवायही चालली असती, पण फरक थोडाच होता. फोननं विचारलं, कार्ड इंटर्नल, म्हणजे फोनच्याच आतल्या जागेसारखं, करू का? मी नाही म्हटलं. तसं केलं की कार्ड त्या फोनपुरतं कुलूपबंद होतं. फोन बिघडला की आतले फोटो दुसरीकडे वाचता येत नाहीत.

दोन्ही नवी कार्डं आधी टेस्टला लावली. १२८चं कार्ड लॅपटॉपवर ११९ दाखवू लागलं तसा मी बिल घेऊन परत बर्डी गाठली. काका हसले. कंपनी १०० कोटी बाइटचा एक जीबी धरते, विंडोज १०२४च्या पाढ्यानं मोजतं, एवढीच भानगड. पेट्रोल मात्र वाया गेलं. टेस्टमध्ये दोन्ही कार्डं शंभर टक्के खरी निघाली.

भाच्याचं प्रकरण वेगळंच. त्याच्या काकानं दुबईहून निन्टेन्डो स्विच २ हा गेम खेळायचा कन्सोल आणून दिला. त्यात २५६ जीबी असतात, पोट्ट्यानं ते महिन्याभरात भरले आणि माझ्या टेबलावरचं आईचं कार्ड उचलून त्यात खुपसलं. "मामा, गेम जाऊन नाही राहिला!" जाणारच नाही. पहिल्या स्विचला साधं मायक्रो एसडी चालायचं. २०२५च्या या नव्याला गेमसाठी मायक्रो एसडी एक्सप्रेसच लागतं, साध्या कार्डावरून जुने स्क्रीनशॉट-व्हिडिओ तेवढे घेता येतात. आकार तोच, खाचेत बसतंही छान, म्हणूनच फसायला होतं. एक्सप्रेसला मागे पिनांची दुसरी रांग असते, ती इथे खरोखर कामाची. किंमत पाहून मी ते खातं त्याच्या काकाकडे वर्ग केलं.

उरलं ते गोलातल्या चारवालं जुनं १६ जीबी. आईच्या छोट्या स्पीकरला नवं ६४चं कार्ड कळतच नव्हतं. कार्डात फायली मांडायच्या दोन पद्धती: ३२च्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि त्या स्पीकरला जुनं फॅट३२च समजतं. चारवालं घातलं तर पहिल्या झटक्यात गजर सुरू. गाण्यांना तेवढा वेग भरपूर आहे. सध्या रोज सकाळी सहाला ते वाजतं, माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतं.