आमची वाटचाल : चढाआधी उतार

वेल्ह्याच्या रस्त्यालगत आमचे दुरुस्तीचे छोटे गॅरेज होते आणि पावसाळ्यात जोडधंदा म्हणून आम्ही चिखलात रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढत असू. २०२० मध्ये महिंद्राची नवी थार बाजारात आल्यानंतर राजगड-तोरण्याच्या परिसरात शनिवार-रविवारी येणाऱ्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणाऱ्या, गाड्या डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या आणि आमच्याकडे येणारे फोनही वाढले. त्या गाड्यांखाली वाकता वाकता लक्षात आले की, बहुतेक मालकांनी लो रेंजचा, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरचा, दांडा एकदाही ओढलेला नव्हता. वेगाच्या जोरावर चिखल पार होईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. म्हणून आम्ही अशा वाटांवर गाडी चालवायला शिकवण्याचे वर्ग सुरू केले. आपलेच ओढण्याचे उत्पन्न आपण घटवतो आहोत, असे माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे होते आणि ते अगदीच चूक नव्हते.

पहिल्या तुकडीला आम्ही थेट चढावर नेले, कारण पैसे भरून आलेल्या माणसाला चढच हवा असतो. एकाची गाडी मुरमाच्या चढावर निम्म्यात बंद पडली, त्याने घाबरून क्लच दाबला, गाडी मागे घसरू लागली आणि ती वळवून घ्यावी म्हणून त्याने स्टिअरिंग फिरवले. गाडी उताराला आडवी झाली, वरच्या बाजूचे पुढचे चाक वीतभर उचलले गेले आणि खालच्या बांधाचे दगड आडवे आले म्हणूनच कोणाला इजा झाली नाही. चूक आमची होती.

तेव्हापासून आमचा पहिला धडा फसलेल्या चढावरून परत येण्याचा असतो. पायब्रेक घट्ट दाबून हँडब्रेक ओढायचा, लो रेंजमध्येच रिव्हर्स टाकायचा, इंजिन सुरू करायचे आणि चाके सरळ ठेवून इंजिनालाच वेग आवरू देत आल्या वाटेने मागे उतरायचे. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून पाय वारंवार उचलायचा नाही, आणि न्यूट्रलचे तर नावही काढायचे नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत आम्ही कोणालाही माथ्यावर जाऊ देत नाही. यावर नाराज होऊन दुपारीच निघून गेलेली मंडळीही आहेत.

बाकीचे तुलनेने सोपे आहे. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवणे आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरणे, तसेच दगडाने स्टिअरिंगला हिसका दिल्यास अंगठा दुखावू नये म्हणून तो रिंगच्या आत न अडकवणे, हे लोक एका दिवसात शिकतात. ओढण्याचा पट्टा मात्र मागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, अडकवण्याचा मोह अजूनही अनेकांना होतो. तो गोळा तुटून सुटला तर काच फोडून आतल्या माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून आमच्या वर्गात पट्टा फक्त चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मजबूत हुकालाच लागतो.

आता एका तुकडीत आम्ही चारच गाड्या घेतो. ट्रॅक्टर अजून आहे आणि आषाढात त्याच्यासाठी फोन येतातच. तेव्हा भाऊ आधी एकच गोष्ट विचारतो, गाडी उताराला सरळ उभी आहे की आडवी? आडवी असेल तर तो सांगतो, कोणीही गाडी सुरू करू नका, वरच्या बाजूच्या दाराने सगळे बाहेर या आणि खालच्या अंगाला उभे राहू नका, आम्ही निघालोच.